उलव्याचा डोंगर कुठल्या वहीत लिहिलाय?

मंडळी, आज जरा मोठं लिहितोय. चहा घेऊन बसा.

उलवे हे नाव मुळात तीन गोष्टींचं होतं. एक गाव, एक टेकडी, एक नदी. नंतर त्यात चौथी गोष्ट आली, सिडकोचा नोड. आज हिशोब काढला तर गाव विमानतळासाठी उठलं, टेकडी सुरुंग लावून कापली, नदी नव्या पात्रात वळवली. राहिला तो नोड. तुम्ही-आम्ही ज्या पत्त्यावर पार्सल मागवतो तो पत्ता, एवढंच त्या नावाचं उरलं.

या बदलांवर भाषणं पुष्कळ झाली. बाजूनं झाली, विरोधात झाली. मला मात्र गेली काही वर्षं एक साधा, कारकुनी प्रश्न पडलाय. हे सगळं कुणी लिहून ठेवलंय का? म्हणजे १९७० पासून आजपर्यंत सिडकोनं घरं किती बांधली हे सापडतं, प्लॉट कितीला गेले हे सापडतं, लॉटरीत अर्ज किती आले हे तर वर्तमानपत्रवाले रोज छापतात. पण त्या घरांपायी चिखल, पाणी, डोंगर, हवा यांचं काय झालं याची वर्षागणिक एक सलग वही आहे का? शोधत गेलो, आणि त्यातून जो इतिहास हाती लागला तो इथे मांडतोय.

सुरुवात सिडकोच्या आधीपासून करावी लागेल, कारण सुरुवातीचा आकडा कुठला धरायचा यावरच सगळा घोळ आहे.

आपल्या स्टेशनांची नावं बघा. खारकोपर, बामणडोंगरी. एकात खार आहे, एकात डोंगर. पनवेल-उरण पट्ट्यातली ही जमीन म्हणजे खाडीकडून हळूहळू मिळवलेली भातशेती. आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या मातीचे बांध घालून समुद्राचं पाणी बाहेर ठेवलं. बांधात उघाडी असायची. ओहोटीला ती उघडायची, शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला ती बंद. बांधाला खांड पडली तर गावचा गडी-माणूस रात्री-अपरात्री चिखलात उतरायचा, कारण एकदा खारं पाणी आत शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भात नीट येत नाही. काळा रता, भुरा रता असे खार सोसणारे भात इथे लावले जात. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारजमीन संशोधन केंद्र आहे, त्यातून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा जाती निघाल्या. शेताशेजारच्या तळ्यात जिताडा, खाडीत चिंबोरी, चिखलात निवटी. मिठागरं वेगळीच.

हे सगळं फार रम्य होतं असं मी म्हणत नाही. खोती आणि सावकारी होती. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा सहा वर्षांचा संप केला, तो काही हौसेनं नव्हे. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात लोकांनी गोळ्या खाल्ल्या. म्हणजे इथल्या माणसाला जमीन, जंगल, पाणी यांचा हक्क कुणाचा हा प्रश्न सिडको येण्याआधीपासून ठाऊक होता. सांगायचा मुद्दा इतकाच की बांध आणि उघाडी ही सार्वजनिक व्यवस्था होती. मुंबई सरकारनं १९४८ साली खारजमिनींचा कायदा केला, महाराष्ट्रानं १९७९ साली नवा केला. कुठला बांध कुणी राखायचा याची नोंद ठेवायची पद्धत इथे होती. वही होती.

मग सिडको आली.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' मासिकात खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, आणि ती झाली कंपनी म्हणून, कंपनी कायद्याखाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र या नव्या शहरासाठी ठरलं. १९७३ च्या आराखड्यात २० लाख लोकांचं शहर धरलं होतं. एकच मोठं केंद्र नको, आगगाडीच्या मार्गावर ओवलेले नोड असावेत, म्हणजे माणसाला कामाला लांब जावं लागू नये. हा विचार पर्यावरणाच्या नजरेनं चांगलाच होता, आणि 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हाचा आहे. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पाण्याच्या बाबतीतही सिडकोनं एक हुशारी केली. वाशी, बेलापूरकडची बरीचशी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली. ती सगळी भरायची तर डोंगरच्या डोंगर लागले असते. म्हणून हॉलंडसारखी पद्धत घेतली. बांध घालायचे, पावसाचं पाणी साठायला धारण तलाव ठेवायचे आणि झडपांची दारं बसवायची, जी ओहोटीला उघडतील आणि भरतीला मिटतील. आता सांगा, ही उघाडीच नव्हे का? हॉलंडहून आणलेली गोष्ट गव्हाणच्या आजोबांना आधीच येत होती! फरक एवढाच की आजोबांना दर पावसाळ्याआधी ती साफ करावी लागे, नाहीतर घरात दाणा नाही. धारण तलावांचा गाळ मात्र वर्षानुवर्षं साचत गेला, त्यात तिवरं उगवली, आणि आता गाळ काढायचा तर तिवरांना हात लागतो म्हणून परवानगीचं लफडं.

घरांकडे येतो. सुरुवातीची सिडकोची घरं बुटकी. दोन-तीन-चार मजले, लिफ्ट नाही, मधे मोकळी जागा, दोन्हीकडून वारा. बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज कोरियांनी ऐंशीच्या दशकात केलं, प्रत्येक घराला अंगण आणि पुढे वाढवायची मुभा. वर्ल्ड बँकेच्या मदतीनं कळंबोलीसारख्या ठिकाणी बीयूडीपीची छोटी घरं झाली. या घरांना चालवायला वीज फार लागत नव्हती, हा त्यांचा न बोललेला गुण. अवगुण असा की काहींचं बांधकाम भिकार निघालं. वाशीतल्या जेएन टाइपच्या इमारतींची छतं कोसळायला लागली, पालिकेनं त्या धोकादायक ठरवल्या, पुनर्विकासाचा प्रश्न वर्षानुवर्षं लटकला. पर्यावरणाच्या हिशोबात हे फार महाग पडतं आणि कुणी मोजत नाही. जे घर ऐंशी वर्षं टिकायला हवं ते तीसमध्ये पाडायला लागलं, तर त्याच जागेसाठी सिमेंट, लोखंड, वाळू दोनदा खर्च झाली. भिकार बांधकाम हासुद्धा प्रदूषणाचाच प्रकार आहे, फक्त त्याला धूर दिसत नाही.

आता १९८४. ते आपल्या दारातलं आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाटा परिसरात दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मिळाला, १९९० मध्ये. हा इतिहास आपल्या प्रत्येक घरात सांगितला जातो आणि सांगितला जावा. त्याची एक बाजू मात्र मी फारशी कुठे वाचली नाही. जमीन संपादित झाली तेव्हा शेतकऱ्याचं बांधाशी असलेलं नातंही संपादित झालं. जी जमीन आपली नाही तिचा बांध रात्री जाऊन कोण बांधणार? सिडकोला तिथे भात पिकवायचा नव्हता, त्यामुळे तिलाही बांधाचं सोयरसुतक नव्हतं. खांडी पडल्या, त्या तशाच राहिल्या. भरतीचं पाणी जुन्या भातखाचरांत शिरलं, आणि पाण्याबरोबर तिवरांची बीजं आली. काही वर्षांत खाचरांचं कांदळवन झालं.

आता बघा गंमत. सुरुवातीचा आकडा १९७० चा धरला तर इथे भाताची शेती होती, तिवरं कमी होती, आणि सिडको म्हणू शकते की आमच्या काळात कांदळवन वाढलं. २००५ चा धरला तर इथे कांदळवन होतं आणि त्यानंतरचा प्रत्येक भराव म्हणजे नुकसान. जुना शेतकरी म्हणतो, माझ्या शेतात तिवरं आली. पर्यावरणवाला म्हणतो, कांदळवनात भराव आला. प्रकल्पवाला म्हणतो, आमच्या संपादित जागेत झुडपं उगवली. तिघंही खरंच बोलतात, तिघांचं वर्ष वेगळं आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही नुकसानं वेगवेगळी लिहावीत, एकाच्या आड दुसरं लपवू नये. पन्नास वर्षांत आधी भात गेला, मग तिवरं गेली, असा दोन ओळींचा हिशोब आहे तो.

कायदे नंतर एकेक करत आले. १९९१ ला किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना. १९९४ ला पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची. ६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवन तोडीवर बंदी आणली आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम रोखलं. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात ते पक्कं झालं. मधे २००६ ची नवी अधिसूचना आली, तिच्यात २० हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला आधी पर्यावरण मंजुरी लागेल असं ठरलं. मंजुरी मिळाली की प्रकल्पवाल्यानं दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटी कितपत पाळल्या याचा अहवाल द्यायचा.

म्हणजे वही आली म्हणायची? आली, पण कशी ते पाहा. वाशी, नेरूळ, ऐरोली, कोपरखैरणे उभं राहिलं ते या वहीच्या आधी. त्यामुळे शहराचा पहिला अर्धा भाग कोराच. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उलव्यात ज्या सात-सात मजली इमारती आल्या, त्यातली बहुतेक एकेकटी २० हजार चौरस मीटरच्या खाली. प्रत्येक बिल्डर छोटा, म्हणून प्रत्येकाला सूट, आणि सगळे मिळून एक शहर. त्या शहराची पर्यावरण मंजुरी कुणी घेतली? कुणीच नाही. मोठे प्रकल्प राहिले, त्यांची वही आहे, पण प्रत्येकाची वेगळी. विमानतळाची एक, गृहप्रकल्पाची एक, रस्त्याची एक. बेरीज करणारं पान नाही.

विमानतळाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण नावाला तो सिडकोचा गृहप्रकल्प नसला तरी आपली सगळी घरं त्याच्या नावावर विकली गेली. २२ नोव्हेंबर २०१० ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं मंजुरी दिली, तेव्हा जयराम रमेश मंत्री होते. खूप घासाघीस झाली होती. गाढी नदी वळवायची नाही असं ठरलं, उलवे नदीला नवं पात्र द्यायचं ठरलं. गेलेल्या कांदळवनाच्या बदल्यात वाघिवलीला कांदळवन उद्यान करायची अट पडली. तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, उलवे, वाघिवली, वाघिवलीवाडा, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वरचे ओवळे या दहा वस्त्या हलल्या. २०१७ पासून टेकडी कापायला घेतली. सुमारे ९० मीटर उंचीचा डोंगर. त्याचा दगड तिथल्याच भरावात गेला. ज्यांनी तेव्हा इथे घर घेतलं होतं त्यांना दुपारचे सुरुंग आणि खिडकीच्या काचा आठवत असतील. आमच्या बिल्डिंगमधले एक काका रोज टेकडीचा माथा खिडकीच्या गजांशी मोजायचे. "आज दुसऱ्या गजाखाली गेला." माझ्या माहितीत उलव्याच्या टेकडीचा वर्षागणिक हिशोब ठेवणारा तो एकच माणूस.

भराव उंच झाला आणि पाणी शेजारी गेलं. पारगाव-डुंगीत पावसाळ्यात घरात पाणी शिरू लागलं, २०१८ च्या जूनमध्ये तर बातम्याच झाल्या. डुंगीकर म्हणत होते की आमचंही पुनर्वसन करा. प्रकल्पाच्या हद्दीबाहेर म्हणून बाधित नाही, आणि पाणी तर घरात! हद्द कागदावर असते, पाण्याला ती ठाऊक नसते. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. चालवणाऱ्या कंपनीत सिडकोचा वाटा २६ टक्के आहे. वाघिवलीच्या त्या उद्यानाचं आज प्रत्यक्षात काय झालंय, झाडं किती जगली, हे सहामाही अहवालात शोधा. तो अहवाल सार्वजनिक असायला हवा आणि तो मागायचा तुम्हाला हक्क आहे.

नेरूळच्या डीपीएस तलावाची आणि उरणच्या पाणजेची गोष्ट थोडक्यात. पाणजेला पक्षी येतात, भरतीचं पाणी येतं, पण सिडकोच्या नकाशावर ती जागा म्हणजे द्रोणागिरी नोडचे सेक्टर. डीपीएस तलावात भरतीचं पाणी आत येणं बंद पडलं आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो मेले. दोन्हीकडे मला एकच गोष्ट खटकते. ज्या वहीत जागेचं नाव 'सेक्टर' किंवा 'प्लॉट' आहे, त्या वहीत तळं आटल्याची नोंद होऊच शकत नाही. तिथे तळं कधी नव्हतंच.

आता आपल्या उलव्यातली घरं.

११ नोव्हेंबर २०१८ ला नेरूळ-बेलापूर ते खारकोपर गाडी सुरू झाली. त्याआधी आपण कसे जात होतो ते आठवा. एनएमएमटीच्या बसची वाट, नाहीतर इकोमध्ये दहा जण. पुढे १२ जानेवारी २०२४ ला तीच गाडी उरणला पोचली, त्याच दिवशी अटल सेतूचं उद्घाटन झालं. याच काळात सिडकोनं पंतप्रधान आवास योजनेखाली ६७ हजार घरांची महागृहनिर्माण योजना आखली, आणि जागा निवडल्या त्या स्टेशनांसमोरच्या, बस आणि ट्रक टर्मिनलच्या. दिवाळी २०२२ च्या लॉटरीत उलव्यातली बामणडोंगरी आणि खारकोपरची ७,८४९ घरं होती, सगळी दुर्बल घटकांसाठी. किमतीवरून रान उठलं, बामणडोंगरीची घरं ३५ लाखांच्या वर होती ती सरकारनं पुढे साडेएकोणतीसवर आणली. तो वाद वेगळा.

बामणडोंगरीलाच २०२२ मध्ये 'मिशन ९६' झालं. ९६ दिवसांत ९६ घरांची इमारत. भिंती, स्लॅब, जिने कारखान्यात ओतून आणायचे आणि इथे जोडायचे. जाहिरात भरपूर झाली, पण पर्यावरणाच्या अंगानं त्यात खरंच काही चांगलं आहे. साच्यात ओतल्यानं माल कमी वाया जातो, साइटवर धूळ कमी, पाणी कमी. वाईट बाजू अशी की सगळी भिंत काँक्रीटची. विटेची नाही. आणि काँक्रीट म्हणजे सिमेंट.

ढोबळ हिशोब मांडतो, माझा आहे, कुठल्या संस्थेचा नाही. चुकतोय असं वाटलं तर दुरुस्त करा. दुर्बल घटकाचं घर म्हणजे चटई क्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत. जिना, लिफ्ट, भिंती धरून बांधीव ४५ धरू. अशा काँक्रीटच्या इमारतीत सिमेंट, लोखंड, वाहतूक मिळून चौरस मीटरमागे साधारण ३०० ते ४०० किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे एका घरामागे साडेतेरा ते अठरा टन. ७,८४९ घरांचे झाले एक लाख ते एक लाख चाळीस हजार टन. हे माणूस राहायला येण्याआधीच हवेत गेलं. आता राहायला आलेल्या कुटुंबाचं बघा. महिन्याला दीडशे युनिट वीज धरा. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो, तर वर्षाला साधारण सव्वा टन. म्हणजे घर बांधताना जो खर्च हवेच्या खात्यात पडला, तो त्या घराच्या दहा-चौदा वर्षांच्या वीजबिलाएवढा.

याचा अर्थ घरं बांधू नयेत असा कुणी काढू नका. मी स्वतः भाड्याच्या खोलीतून इथे आलोय, मला घराची किंमत ठाऊक आहे. उलट अर्थ असा की इतकं महाग भांडवल घातलंय तर ते घर शंभर वर्षं टिकलं पाहिजे. आणि स्टेशनसमोर घर दिल्यानं जी मोटारसायकल घेतली गेली नाही, तो फायदाही लिहिला पाहिजे. कदाचित सिडकोच्या बाजूनं जमा निघेल! पण लिहिलंच नाही तर जमाही दिसत नाही, खर्चही दिसत नाही.

पाण्याचंही तसंच. आपल्या नळाला येतं ते पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं. सिडको तिथून दिवसाला १५० दशलक्ष लिटर घेते, ते २७० पर्यंत न्यायचं काम चालू आहे. उलव्याच्या घराचा पर्यावरणावरचा परिणाम पेणच्या गावात मोजायला लागतो, हे आपण सोयीनं विसरतो.

मग ही बेरीज करायची जबाबदारी कुणाची? इथे खरी मेख आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ प्रमाणे महापालिका आयुक्तानं दर वर्षी ३१ जुलैपर्यंत शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ ला झाली, ती असे अहवाल काढते. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली. उलवे? उलवे दोन्हीत नाही. आपण गव्हाण, वहाळसारख्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत आणि नियोजन सिडकोचं. ग्रामपंचायतीला ६७-अ लागू नाही, सिडकोलाही नाही, कारण ती महापालिका नाही, ती कंपनी आहे. बरं, कंपनी आहे तर कंपन्यांचे नियम लावा. सेबीनं शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना दर वर्षी पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय, वीज किती, पाणी किती, कचरा किती. पण सिडकोचा शेअर बाजारात नाही, सगळी मालकी सरकारची. त्यामुळे तोही नाही.

शहर म्हणून विचारलं तर कंपनी, कंपनी म्हणून विचारलं तर सरकार. यात कुणाचा डाव आहे असं मला वाटत नाही. १९७० साली कंपनी केली ती कामं झटपट व्हावीत म्हणून, तेव्हा या अहवालांचा जन्मही झाला नव्हता. पण पन्नास वर्षांनी त्या भेगेत आपला पूर्ण नोड पडलाय.

बाहेर काय करतात? सिंगापूरचं एचडीबी हे आपल्या सिडकोचं थोरलं भावंड म्हणता येईल. सरकारी, घरं बांधून विकणारं, जमीन भाडेपट्ट्यानं देणारं. त्यांनी २०२० मध्ये जाहीर केलं की २०३० पर्यंत त्यांच्या वसाहतींचा वीजवापर २०२० च्या तुलनेत १५ टक्क्यांनी उतरवू. आकडा कमी वाटेल, पण त्यात सुरुवातीचं वर्ष आहे, शेवटचं आहे, म्हणजे दहा वर्षांनी पकडता येतं. हॉलंडमध्ये भाड्याची घरं देणाऱ्या संस्थांची एडेस नावाची संघटना आहे. ती दर वर्षी संस्थासंस्थांची तुलना छापते, दुरुस्तीचा खर्च, भाडेकरूंचं समाधान, आणि त्यातच घरांची ऊर्जा. सिडकोनं धारण तलाव हॉलंडकडून उचलले, वही मात्र तिथेच राहिली.

यावर एक उत्तर हमखास येतं, की त्या संस्था घरं स्वतःकडे ठेवतात, सिडको विकून मोकळी होते. पूर्ण खरं नाही ते. आपल्या इमारतीखालची जमीन सिडकोनं ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलीय. घर विकायचं तर हस्तांतरण शुल्क तिलाच भरतो ना आपण? जमिनीचा मालक म्हणून पैसे घेताना नातं आहे, तर त्या जमिनीचा हिशोब ठेवतानाही असावं. आणि हे निव्वळ जुनं उकरणं नाही. २०१३ पासून विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्राचं नियोजन सिडकोकडेच आहे. तिथे अजून भाताची खाचरं आहेत. सुरुवातीचं पान कोरं आहे तोवर लिहिता येईल असं ते एकच ठिकाण उरलंय.

जुनं पानही अगदीच हरवलेलं नाही. अमेरिकेचा लँडसॅट उपग्रह जुलै १९७२ ला सुटला, सिडकोहून दोनच वर्षांनी धाकटा. तेव्हापासूनची चित्रं २००८ पासून सगळ्यांना फुकट आहेत. पहिली चित्रं ढोबळ आहेत, घर दिसत नाही, पण खाडी, शेत, डोंगर नीट वेगळे ओळखू येतात. आपल्याकडच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या पोरांनी दर पाच वर्षांचं एक चित्र घेऊन उलव्याचं नुसतं रंगकाम केलं तरी भात कधी गेला, तिवरं कधी आली, कधी गेली हे दिसेल. दुसरं, जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ती बघायला मागा. असेल तर उलव्याच्या खाडीतले मासे, पक्षी, जुने भात तिच्यात असायला हवेत. नसेल तर ज्या आजींना अजून निवटी पकडता येतात त्यांच्यापासून सुरुवात करता येईल, आणि त्या आजी दर वर्षी कमी होताहेत.

मी माझ्यापुरतं तीन कामं काढलीत. खारकोपर आणि बामणडोंगरीच्या गृहप्रकल्पांचे १ जून आणि १ डिसेंबरचे अहवाल एकापुढे एक लावणं. वाघिवलीच्या कांदळवन उद्यानाचं दर वर्षीचं उपग्रह चित्र साठवणं. आणि टेकडीचे फोटो. तुमच्यापैकी कुणाकडे २०१७ च्या आधीचे उलव्याच्या टेकडीचे, नदीच्या जुन्या पात्राचे किंवा जुन्या बांध-उघाडीचे फोटो असतील, लग्नाच्या अल्बममध्ये मागे डोंगर आला असेल तरी चालेल, तर मागे तारीख आणि कुठून काढला ते लिहून ठेवा आणि मला कळवा. गजाशी माथा मोजणाऱ्या काकांनी त्यांच्या खिडकीचे दोन दिलेत. एकावर मागे पेन्सिलनं लिहिलंय, मार्च २०१७, पहिला गज.